नाशिकच्या प्रयोगशाळेत अल्कीन: सायक्लोहेक्झीन बनवणं, शुद्ध करणं आणि तपासणं

अल्कीन, म्हणजे दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असलेलं संयुग, समजून घ्यायचं तर असा एक द्रव स्वतःच्या हाताने बनवावा, शुद्ध करावा आणि दुहेरी बंधाच्या जमतील तेवढ्या अभिक्रिया त्याच्यावरच करून पाहाव्यात. त्यासाठी सायक्लोहेक्झीनसारखा सोयीचा द्रव नाही. सायक्लोहेक्झेनॉलमधून पाण्याचा रेणू काढला की दुहेरी बंध ओएच गटाच्या डावीकडे पडो वा उजवीकडे, संयुग एकच. त्यामुळे मिश्रणाची कटकट उरत नाही आणि उत्पादन साध्या काचेच्या उपकरणात ऊर्ध्वपातनाने वेगळं करता येतं.

खालची मापं बी.एस्सी.च्या एका प्रॅक्टिकलपुरती, दोघांच्या जोडीसाठी आहेत. नाशिकची उंची, इथली थंडी आणि उन्हाळ्यातलं नळाचं पाणी या तिन्हींचा या प्रयोगावर परिणाम होतो. मॅन्युअलमध्ये ते सहसा नसतं, म्हणून तो भाग इथे सविस्तर घेतला आहे.

सुरुवात वजनाने

सायक्लोहेक्झेनॉल २० ग्रॅम घ्या. त्याचं रेणुवस्तुमान १०० धरलं तर हे ०.२ मोल झाले. सायक्लोहेक्झीनचं रेणुवस्तुमान ८२, म्हणजे जास्तीत जास्त १६.४ ग्रॅम उत्पादन मिळू शकतं. नीट काम केलं तर हातात १० ते १२ ग्रॅम पडतात, म्हणजे ६० ते ७३ टक्के. कुणी ९५ टक्के लिहून दिलं, तर त्या द्रवात पाणी किंवा न बदललेलं अल्कोहोल आहे असंच समजावं.

सायक्लोहेक्झेनॉल मोजपात्राने मोजू नका. ते तेलासारखं घट्ट असतं, पात्राच्या भिंतीला चिकटून राहतं आणि हिशोब पहिल्याच पायरीला चुकतो. वाळलेला १०० मिलीचा राउंड बॉटम फ्लास्क तराजूवर कॉर्कच्या रिंगवर ठेवून थेट त्यातच ओता. डिसेंबर-जानेवारीत बाटली उघडलीत आणि आत पांढरा गोळा दिसला तर रसायन खराब झालेलं नाही. सायक्लोहेक्झेनॉल साधारण २५ अंश सेल्सिअसला वितळतं आणि नाशिकच्या हिवाळ्यात प्रयोगशाळा सकाळी त्याहून बरीच थंड असते. बाटलीचं झाकण सैल करून ती ४० अंशांच्या कोमट पाण्यात उभी करा, दहा-पंधरा मिनिटांत सगळं वितळतं. बर्नरवर बाटली कधीही धरू नका.

आता ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ५ मिली घाला आणि फ्लास्क गोल फिरवून दोन्ही नीट मिसळा. हे मिसळणं महत्त्वाचं आहे. आम्ल जड असल्याने तळाशी बसतं आणि तसंच तापवलं तर तळाचा थर काळा पडतो. पोर्सेलिनचे दोन-तीन तुकडे आत्ताच टाका. द्रव तापल्यावर टाकले तर तो उसळून वर येतो.

सल्फ्युरिक आम्लानेही हे काम होतं आणि पुष्कळ ठिकाणी अजून तेच वापरतात. पण ते ऑक्सिडीकारकही आहे: अल्कोहोल जळून कोळसा होतो, सल्फर डायऑक्साइड सुटतो, अल्कीनचे रेणू एकमेकांना जोडून डांबरासारखा चिकट गाळ तयार होतो आणि उत्पादन घटतं. फॉस्फोरिक आम्ल मंद असलं तरी स्वच्छ काम करतं. शिकणाऱ्यांसाठी तेच बरं.

ऊर्ध्वपातन: इथे घाई केली की सगळं गेलं

फ्लास्कवर २० सेंटिमीटरचा फ्रॅक्शनेटिंग कॉलम, त्यावर थर्मामीटर, पुढे कंडेन्सर, आणि शेवटी बर्फात ठेवलेला ५० मिलीचा रिसीव्हर. थर्मामीटरच्या फुग्याचा वरचा कडा साइड आर्मच्या खालच्या कडेशी जुळला पाहिजे. फुगा वर राहिला तर वाफ त्याला नीट लागत नाही, तापमान कमी दिसतं आणि तुम्ही नकळत जास्त तापवत राहता. कंडेन्सरमध्ये पाणी खालून आत, वरून बाहेर. तापवायला हीटिंग मँटल किंवा तेलाचा बाथ. उघडी ज्योत नको, कारण सायक्लोहेक्झीनची वाफ शून्य अंशाखालीही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून सरपटत शेजारच्या बर्नरपर्यंत जाते.

ही अभिक्रिया उलटसुलट दोन्ही दिशांना चालते. आम्लात अल्कोहोलपासून अल्कीन आणि पाणी बनतं, तसंच अल्कीन आणि पाण्यापासून पुन्हा अल्कोहोल बनतं. फ्लास्क बंद ठेवून कितीही तापवलात तरी मिश्रण एका समतोलावर अडकून बसेल. आपण अल्कीन आणि पाणी बनताच वाफेवाटे बाहेर ओढतो, म्हणून समतोल पुढे सरकत राहतो. सायक्लोहेक्झीन आणि पाणी मिळून ७०.८ अंशांना एकत्र उकळतात. त्या वाफेत वजनाने साधारण १० टक्के पाणी असतं. सायक्लोहेक्झेनॉल मात्र १६१ अंशांना उकळतं. हा मोठा फरक कॉलम वापरून टिकवायचा, म्हणजे अल्कोहोल परत खाली पडतं आणि अल्कीन वर निघून जातं.

म्हणून वेग ठरवून ठेवा: दर दोन सेकंदांना एक थेंब, त्याहून जास्त नाही. थर्मामीटर आधी बराच वेळ ७० च्या आसपास रेंगाळतो, मग हळूहळू चढतो. ८८ च्या वर जाऊ देऊ नका. तापमान एकदम ९५ पर्यंत उडी मारत असेल तर मँटल जास्त आहे आणि पाण्यासोबत न बदललेलं अल्कोहोल येऊ लागलं आहे. मँटल खाली घ्या, कॉलमला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि थांबा. सगळ्याला पाऊण ते एक तास लागतो. फ्लास्कमध्ये थोडाच तपकिरी द्रव उरला आणि पांढरा धूर दिसू लागला की लगेच बंद करा. तळ कोरडा करू नका.

एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला गरम लागतं. अशा पाण्यावर कंडेन्सर चालवलात तर अल्कीनचा बराच भाग वाफ होऊनच निघून जातो आणि प्रयोगशाळाभर उग्र वास पसरतो. बादलीत बर्फाचं पाणी आणि छोटा पंप लावा, किंवा प्रॅक्टिकल सकाळी घ्या. उन्हाळ्यातल्या कमी उत्पादनाचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं.

पुस्तकात ८३, थर्मामीटरवर ८१: चूक कुणाची?

कुणाचीच नाही. पुस्तकातले उत्कलनबिंदू समुद्रसपाटीच्या ७६० मिमी दाबाला दिलेले असतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब ७०५ ते ७१० मिमीच्या आसपास असतो. उकळण्याचं तापमान या फरकाने किती उतरतं त्याचा अंदाज सोपा आहे: केल्विनमधला उत्कलनबिंदू, गुणिले दाबातला फरक, गुणिले ०.०००१२. सायक्लोहेक्झीनसाठी ३५६ × ५३ × ०.०००१२, म्हणजे सव्वादोन अंश. म्हणून शुद्ध सायक्लोहेक्झीन नाशिकमध्ये ८१ च्या आसपास उकळतं. पाणीही इथे १०० ऐवजी ९८ अंशांना उकळतं, त्यामुळे थर्मामीटर तपासायचा असेल तर उकळत्या पाण्यात धरून ९८ दाखवतो का तेच बघा.

याचा फटका बसतो तो दुसऱ्या ऊर्ध्वपातनात. पुस्तक सांगतं "८१ ते ८५ मधला भाग गोळा करा" आणि विद्यार्थी ८१ ची वाट पाहत उत्तम माल पहिल्या बाटलीत टाकून देतो. नाशिकमध्ये ७९ ते ८२ मधला भाग गोळा करा आणि जर्नलमध्ये तापमानासोबत त्या दिवसाचा दाबही लिहा. परीक्षकाने विचारलं तर हिशोब तुमच्याकडे तयार असेल.

थर वेगळे करणं

रिसीव्हरमधला द्रव गढूळ असतो, त्यात पाणी, थोडं अल्कोहोल आणि वाफेबरोबर आलेलं आम्ल असतं. त्यात १.५ ते २ ग्रॅम मीठ टाकून हलवा. मिठामुळे पाण्यात विरघळलेलं अल्कीन आणि अल्कोहोल पाण्यातून बाहेर पडतं आणि थर स्पष्ट होतात. सेपरेटिंग फनेलमध्ये ओता. सायक्लोहेक्झीनची घनता ०.८१ आहे, म्हणजे तुमचा माल वरच्या थरात. इथेच पुष्कळ जण चुकीचा थर बेसिनमध्ये ओततात. कोणता थर कोणता याची खात्री नसेल तर फनेलमध्ये पाण्याचा एक थेंब सोडा: तो वरच्या थरातून खाली उतरून खालच्या थरात मिसळला, तर खालचा थर पाण्याचा. आणि उत्पादनाचं वजन होईपर्यंत कोणताही थर फेकू नका.

वरच्या थरात १० टक्के सोडियम कार्बोनेटचं द्रावण ५ मिली घाला. आम्ल असेल तर कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे आधी झाकण न लावता फनेल गोल फिरवा, मग झाकण लावून उलटा करून दोन-तीनदा तोटीतून दाब सोडा. खालचा थर लिटमसला अल्कधर्मी आला पाहिजे. त्यानंतर मिठाच्या संपृक्त द्रावणाने एकदा धुवा. आम्ल राहून गेलं तर पुढच्या ऊर्ध्वपातनात अल्कीन पुन्हा पाणी धरून अल्कोहोलकडे परततं किंवा जोडलं जाऊन चिकट होतं.

वाळवायला निर्जल कॅल्शियम क्लोराइडचे खडे, सुमारे २ ग्रॅम. इथे मॅग्नेशियम सल्फेटपेक्षा ते चांगलं, कारण ते पाण्याबरोबर उरलेलं अल्कोहोलही धरून ठेवतं. पावसाळ्यात उघड्या बरणीतले खडे आधीच ओले असतात, म्हणून चिनी मातीच्या वाटीत तापवून डेसिकेटरमध्ये थंड करून वापरा. पंधरा मिनिटं अधूनमधून हलवा. द्रव काचेसारखा स्वच्छ झाला पाहिजे. गढूळपणा असेल तर अजून खडे टाका. मग कापसाच्या लहान बोळ्यातून गाळून, पूर्ण वाळलेल्या उपकरणात, पाण्याच्या बाथवर दुसरं ऊर्ध्वपातन. पहिले काही थेंब पाण्यासह येतात, ते बाजूला ठेवा. फ्लास्क पूर्ण कोरडा होऊ देऊ नका, त्याचं कारण शेवटच्या भागात आहे.

दुहेरी बंध आहे हे दाखवणं

बाजारची ब्रोमीनची बाटली उघडण्यापेक्षा ब्रोमेट-ब्रोमाइड द्रावण वापरा: पोटॅशियम ब्रोमेट २.७८ ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड १० ग्रॅम एक लिटर पाण्यात. यातलं ५ मिली परीक्षानळीत घेऊन १ मिली विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की तिथल्या तिथे पिवळा-नारिंगी ब्रोमीन तयार होतो, सुमारे ०.२५ मिलीमोल. आता सायक्लोहेक्झीनचा एकच थेंब टाका. एका थेंबात साधारण ०.५ मिलीमोल अल्कीन असतं, म्हणजे एवढा रंग घालवायला तो पुरेसा. मात्र न हलवता बघितलंत तर खालचं पाणी फिकट होतं आणि वरचा थेंब नारिंगी दिसतो. ब्रोमीन फक्त अल्कीनमध्ये विरघळून वर गेलेला असतो. बूच लावून जोरात हलवा, मगच निष्कर्ष काढा. शेजारच्या नळीत सायक्लोहेक्झेनॉलचा थेंब टाकून तुलना दाखवा, त्याचा रंग जात नाही.

पाण्यात ही अभिक्रिया झाली की मुख्यतः २-ब्रोमोसायक्लोहेक्झेनॉल मिळतं, डायब्रोमाइड नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसतं. दुहेरी बंधावर आधी दोन कार्बन आणि एक ब्रोमीन अशा तीन अणूंचा धनभारित पूल, म्हणजे ब्रोमोनियम आयन बनतो. आजूबाजूला पाणीच पाणी असल्याने ते ब्रोमाइडच्या आधी मागच्या बाजूने येऊन जोडलं जातं. डायक्लोरोमिथेनमध्ये केलंत तर ट्रान्स-१,२-डायब्रोमोसायक्लोहेक्झेन मिळतं. कार्बन टेट्राक्लोराइड यासाठी वापरू नका, ते यकृताला घातक आहे.

बेयर चाचणीसाठी, म्हणजे परमँगनेटने दुहेरी बंध ओळखण्यासाठी, २ मिली ॲसिटोनमध्ये दोन थेंब अल्कीन, आणि १ टक्के पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने. जांभळा रंग जाऊन तपकिरी मँगनीज डायऑक्साइडचा गाळ दिसला पाहिजे. आधी फक्त ॲसिटोनवर परमँगनेट टाकून बघा, जुना ॲसिटोन स्वतःच रंग घालवतो. एकाच थेंबाचा रंग गेला तर तो अशुद्धीमुळेही असू शकतो. तीन-चार थेंब लागोपाठ गेले तर खात्री धरा. थंड आणि अल्कधर्मी परमँगनेट दोन्ही ओएच गट एकाच बाजूने बसवतं, म्हणून सिस डायॉल मिळतं. तेच परमँगनेट आम्लात गरम केलं तर रिंग दुहेरी बंधाशी तुटते आणि सहा कार्बनचं ॲडिपिक आम्ल मिळतं.

सायक्लोहेक्झेनॉल सोडून दुसरं काही घेतलं तर

२-मिथिलसायक्लोहेक्झेनॉल घेतलंत की दुहेरी बंध कुठे हा प्रश्न उभा राहतो. मुख्यतः १-मिथिलसायक्लोहेक्झीन मिळतं, कारण जास्त कार्बन जोडलेला दुहेरी बंध जास्त स्थिर असतो. हाच झायत्सेव्हचा नियम. ३,३-डायमिथिल-२-ब्युटॅनॉलमध्ये तर मिथिल गट शेजारच्या कार्बनवर सरकतो आणि २,३-डायमिथिल-२-ब्युटीन बाहेर येतं. आम्लाच्या वाटेने गेलात की कार्बोकेटायन, म्हणजे धनभारित कार्बन असलेला आयन आला, आणि तो आला की पुनर्रचनेची शक्यता आलीच.

हॅलाइडपासून बनवायचं तर अल्कोहोली पोटॅश, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड. २-ब्रोमोब्युटेनपासून ८१ टक्के २-ब्युटीन आणि १९ टक्के १-ब्युटीन मिळतं. पोटॅश पाण्यात घेतलंत तर अल्कोहोलच जास्त बनतं. बेस मोठा घेतला, जसं पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइड, तर तो आतल्या हायड्रोजनपर्यंत पोहोचू शकत नाही आणि टोकाचं अल्कीन वाढतं. रिंगच्या संयुगात आणखी एक अट येते: निघून जाणारा हायड्रोजन आणि क्लोरीन परस्परांच्या विरुद्ध बाजूंना, दोन्ही उभ्या स्थानी असावे लागतात. मेंथिल क्लोराइडला हे एकाच बाजूला जमतं, म्हणून झायत्सेव्हच्या नियमाविरुद्ध फक्त २-मेंथीन मिळतं. नियम पाठ करण्याआधी रेणूचा मॉडेल हातात घेऊन फिरवून बघा.

इथिलीन दाखवायचं असेल तर इथ्रेल

वर्गात इथिलीन दाखवायला इथेनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल १७० अंशांपर्यंत तापवणं ही जुनी पद्धत. १४० ला थांबलात तर इथर बनतो, पुढे गेलात तर फेस येतो, कोळसा होतो आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. हा वायू ब्रोमीन पाणी आणि परमँगनेट दोन्हींचा रंग घालवतो, म्हणजे अल्कीन एक थेंबही न बनता चाचणी 'यशस्वी' होते. वायू सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून धुतल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

नाशिकमध्ये त्याहून सोपी वाट आहे. ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी पानगळीसाठी द्राक्षबागेत जे इथेफॉन (बाजारातलं नाव इथ्रेल) फवारतात, ते पानात शिरलं की कमी आम्लधर्मी वातावरणात तुटतं आणि इथिलीन, क्लोराइड व फॉस्फेट देतं. हेसुद्धा विलोपनच आहे, म्हणजे रेणूतून अणू किंवा गट निघून जाऊन दुहेरी बंध बनणं. फवाऱ्याचं पाणी अल्कधर्मी असलं तर हेच विलोपन टाकीतच सुरू होतं आणि औषध पानावर पोहोचण्याआधी वाया जातं. म्हणून पाण्याचा पीएच तपासून द्रावण लगेच फवारावं लागतं.

प्रयोगासाठी ३९ टक्क्यांचं इथेफॉन २ मिली मोठ्या परीक्षानळीत घ्या आणि २ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड १० मिली पाण्यात विरघळवून, थंड करून, हळूहळू त्यात घाला. वायूनळी लावून ६० अंशांच्या पाण्यात ठेवा. हिशोबाने सव्वाशे ते दीडशे मिली इथिलीन निघतं. पहिले बुडबुडे हवेचे, ते सोडून द्या, मग ब्रोमीन पाण्यातून आणि परमँगनेटमधून जाऊ द्या. मूळ द्रावण तीव्र आम्ल आहे, हातमोजे आणि चष्मा घाला. शेवटी वायूनळीचं टोक आधी ब्रोमीन पाण्यातून किंवा परमँगनेटमधून बाहेर काढा, मग गरम पाणी हटवा. उलटं केलंत तर थंड द्रावण नळीत ओढलं जातं. जवळपास ज्योत नको.

बाटलीत ठेवल्यावर काय होतं

सायक्लोहेक्झीनमध्ये दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो. हवेतला ऑक्सिजन तिथे हळूहळू बसतो आणि पेरॉक्साइड तयार होतात. ते उकळून जात नाहीत, फ्लास्कच्या तळाशी साठतात आणि कोरडं तापवलं तर स्फोट होऊ शकतो. तळ न सुकवण्याचं कारण हेच.

पेरॉक्साइडमुळे निकालही बदलतात. असममित अल्कीनवर हायड्रोजन ब्रोमाइड घातलं की मार्कोव्हनिकॉव्हच्या नियमाने ब्रोमीन जास्त कार्बन जोडलेल्या बाजूला जातो. पेरॉक्साइड असेल तर अभिक्रिया मूलकांच्या, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांच्या वाटेने साखळीसारखी होते आणि ब्रोमीन उलट बाजूला बसतो. खराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये हे दाखवलं. हायड्रोजन क्लोराइड आणि आयोडाइडला हा परिणाम लागू पडत नाही, कारण त्यांच्या साखळीतली एक पायरी ऊर्जा मागते आणि साखळी चालू राहत नाही. जुन्या बाटलीतलं अल्कीन वापरून उत्तर उलटं आलं तर आधी बाटलीवरची तारीख बघा.

तपासणी सोपी आहे: १ मिली सायक्लोहेक्झीन, १ मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइडचा हरभऱ्याएवढा खडा. मिनिटभरात पिवळा रंग आला तर थोडे पेरॉक्साइड आहेत, तपकिरी आला तर पुष्कळ. पिवळा असेल तर आम्लयुक्त ताज्या फेरस सल्फेटच्या द्रावणाने हलवून धुवा, वाळवा आणि चाचणी पुन्हा करा. तपकिरी असेल तर ते ऊर्ध्वपातनाला घेऊ नका, प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे द्या. ताजं सायक्लोहेक्झीन तपकिरी काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, गार जागी, तयार केल्याची आणि उघडल्याची तारीख लिहून ठेवा. उरलेलं बेसिनमध्ये न ओतता सेंद्रिय कचऱ्याच्या बाटलीत टाका.